पाठकोरा कागद

माझ्याकडे एक कागद आहे. फुलस्केप, पातळ, कडांना पिवळा पडलेला. त्याच्या एका बाजूला सायक्लोस्टाइल केलेली आठवीची इतिहासाची प्रश्नपत्रिका आहे आणि पाठकोऱ्या बाजूला जलरंगात काहीतरी आहे. 'काहीतरी' असंच म्हणावं लागतं. वर करड्या निळ्याचा ओघळ, खाली गेरूचा आडवा पट्टा, आणि दोन्हींच्या मधे बोटभर रुंदीची कोरी सोडलेली जागा. झाड नाही, डोंगर नाही, घर नाही. सही नाही, तारीख नाही.

आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांचं आहे ते. सर गेल्यावर काही दिवसांनी भेटायला गेलो होतो. त्यांची मुलगी घर आवरत होती. कॉटखालून निघालेला, सुतळीनं बांधलेला एक गठ्ठा तिनं पुढे केला आणि म्हणाली, "दादा, यातलं काही हवं असेल तर घ्या. नाहीतर रद्दीतच जाणार." मी वरवर चाळला आणि हा एक कागद घेतला. बाकीचे का नाही घेतले, याचं नीट उत्तर मला अजून देता येत नाही. खरं सांगायचं तर त्यात काय आहे ते मला कळलं नव्हतं. न कळलेल्या गोष्टींचा गठ्ठा घरी नेऊन ठेवणार कुठे, असा साधा शहरी हिशेब होता तो.

तर हा कागद गेली काही वर्षं माझ्या टेबलासमोर आहे. येणारे-जाणारे विचारतात, "हे काय आहे?" मी म्हणतो, आमच्या सरांचं चित्र आहे. मग एक छोटा विराम. मग कुणीतरी म्हणतंच, "असं तर आमची चिंगीपण काढते." मला राग येत नाही, कारण एलिमेंटरीला 'सी' ग्रेड मिळवलेल्या माणसाला चित्राच्या बाजूनं भांडण्याचा अधिकार आहे की नाही याची मला शंका आहे. पण प्रश्न डोक्यात राहतो. या कागदात काही आहे का? आणि आहे हे ठरवायचं कुणी, कशावरून?

याच प्रश्नाच्या मागे लागून वाचत गेलो तेव्हा दुसऱ्या एका चित्रकला-शिक्षिकेची गोष्ट सापडली. ती घडली आपल्यापासून फार लांब, टेक्सासमधल्या एका माळावर, आणि शंभराहून जास्त वर्षांपूर्वी. पण माझ्या कागदाबद्दल त्या गोष्टीनं जितकं शिकवलं तितकं इथल्या कुणी शिकवलं नाही, म्हणून ती सांगतो.

जॉर्जिया ओ'कीफ हे नाव अनेकांना माहीत असेल. मोठमोठी फुलं आणि वाळवंटातल्या हाडांच्या कवट्या रंगवणारी अमेरिकन चित्रकर्ती. ती झाली नंतरची. १९१६ मध्ये ती होती एक अठ्ठावीस वर्षांची मास्तरीण. जन्म १८८७ चा, विस्कॉन्सिन राज्यातल्या एका शेतकरी घरातला. शिकागोत आणि मग न्यूयॉर्कमध्ये रीतसर चित्रकला शिकली. १९०८ मध्ये मेलेला ससा आणि तांब्याचं भांडं अशा अगदी घोटीव स्थिरचित्राला तिला बक्षीससुद्धा मिळालं. आणि त्यानंतर तिनं चित्र काढणं सोडून दिलं! घरची परिस्थिती बिघडली होती हे एक कारण. दुसरं तिनंच पुढे सांगितलेलं. तिला शिकवलं जात होतं त्या पद्धतीत आपल्या आधी इतरांनी इतकं उत्तम करून ठेवलंय, की आपण त्यात भर घालण्यात अर्थ नाही, असं तिला वाटलं. काही काळ तिनं शिकागोत जाहिरातींची चित्रं काढून पोट भरलं.

तिला परत चित्राकडे आणलं ते कुणा थोर चित्रकारानं नाही, तर शिक्षकांसाठी भरणाऱ्या उन्हाळी वर्गानं. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १९१२ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात ॲलॉन बेमेंट नावाचे शिक्षक आर्थर वेस्ली डाऊ यांची पद्धत शिकवत होते. डाऊ हे पुढे न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजात तिचेही शिक्षक झाले. जपानी चित्रांचा त्यांनी मनापासून अभ्यास केला होता, आणि १८९९ मध्ये 'कॉम्पोझिशन' नावाचं, शाळा-कॉलेजांतून वापरायचं पुस्तक लिहिलं होतं. त्यांचं म्हणणं साधं होतं. मुलाच्या पुढे पुतळा ठेवून 'हुबेहूब काढ' म्हणू नका. त्याला एक चौकोन द्या आणि तो चौकोन सुंदर रीतीनं भरायला सांगा. रेघ कुठे टाकलीस की दोन्ही बाजूंची जागा चांगली दिसते? काळं किती, पांढरं किती? ही काळ्या-पांढऱ्याची वाटणी ते 'नोतान' या जपानी शब्दानं सांगत. रंग त्यानंतर.

आपल्याकडे ज्यांनी एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिली आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल. स्थिरचित्र, स्मरणचित्र यांच्या जोडीला संकल्पचित्राचा पेपर असायचा आठवतो? ठरावीक मापाचा आकार, त्यात पानं-फुलं किंवा नुसते भौमितिक आकार, सपाट रंग. आम्ही तो पेपर 'डिझाइन' म्हणून उरकून टाकायचो. पण त्यात एक फार मोठी गोष्ट दडलेली आहे हे तेव्हा कुठे ठाऊक होतं! चित्र कशासारखं तरी दिसायलाच हवं असं नाही, ते आपल्या चौकोनात नीट बसलं पाहिजे. ही गोष्ट तेरा वर्षांच्या मुलाला कळली तर अमूर्त चित्राचं अर्धं कोडं तिथंच सुटतं. चित्रकलेच्या इतिहासात अमूर्त चित्र म्हटलं की बंड, जाहीरनामे, पॅरिस, म्युनिक वगैरे येतं. अमेरिकेत मात्र त्याची एक वाट ड्रॉइंगच्या तासातून गेली आहे.

ओ'कीफ १९१२ ते १९१४ या काळात टेक्सासमधल्या ॲमरिलो गावच्या शाळांमध्ये चित्रकलेची जबाबदारी सांभाळत होती. सरकारनं ठरवून दिलेलं ड्रॉइंगचं पुस्तक मुलांना लावायला तिनं नकार दिला. पुस्तकातलं कशाला, मुलांनी भोवतालचं काढावं, असा तिचा हट्ट. एक मुलगा तट्टावर बसून शाळेत आला तर त्या तट्टालाच टेबलावर चढवून मुलांना चित्र काढायला लावलं, अशी आठवण चरित्रांमध्ये येते. नंतर १९१५ च्या शरद ऋतूत साउथ कॅरोलायनातल्या एका छोट्या कॉलेजात शिकवत असताना तिनं आपली आजवरची चित्रं खोलीत मांडली आणि पाहिलं. हे या मास्तरांसारखं, ते त्या मास्तरांसारखं. आपलं यात काय? तिनं सगळे रंग बाजूला ठेवले आणि नुसत्या कोळशानं, मनातले आकार काढायला सुरुवात केली. ती चित्रं तिनं न्यूयॉर्कला अनिता पोलित्झर या मैत्रिणीला पोस्टानं पाठवली. मैत्रिणीनं १ जानेवारी १९१६ ला ती छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांना त्यांच्या '२९१' या गॅलरीत नेऊन दाखवली. त्यांनी ती मे महिन्यात प्रदर्शनात लावूनही टाकली, तेही चित्रकर्तीला न विचारता.

पण पोट भरायला नोकरी हवीच. सप्टेंबर १९१६ मध्ये ती टेक्सासमधल्या कॅन्यन या गावी शिक्षक-प्रशिक्षण कॉलेजात चित्रकला शिकवायला रुजू झाली. ॲमरिलोच्या दक्षिणेला हे गाव. चहूकडे सपाट माळ, गुरं, वारा, आणि जवळच पालो ड्युरोची खोल लाल दरी. त्याच वर्षी मे महिन्यात तिची आई गेली होती. धाकटी बहीण क्लॉडिया तिच्यापाशी राहायला आली. संध्याकाळी दोघी गावाबाहेर चालत जात. क्लॉडियाकडे बंदूक असे. ती बाटल्या हवेत फेकून त्यांच्यावर नेम धरायची, आणि ताई आपली अजून न मावळलेल्या उजेडातली शुक्राची चांदणी बघत पुढे चालायची. त्या चांदणीतून 'ईव्हनिंग स्टार' ही जलरंगांची मालिका आली.

आणि त्याच १९१७ साली आले तीन कागद. 'लाइट कमिंग ऑन द प्लेन्स', म्हणजे माळावर येणारा उजेड. क्रमांक एक, दोन, तीन. फोर्ट वर्थच्या ॲमन कार्टर संग्रहालयानं ते १९६६ मध्ये घेतले. प्रत्येक कागद जेमतेम बारा इंच उंच, नऊ इंच रुंद. खाली क्षितिजाची आडवी पट्टी. तिच्यावर निळ्याचे थर, एकावर एक, घुमटासारखे, आत फिकट आणि बाहेर गडद होत गेलेले. बस. सूर्य नाही, ढग नाही, गवताचं पातं नाही. काही थरांच्या मधे कागद कोराच सोडलेला. उजेड कुठेच रंगवलेला नाही. जिथे रंग लावला नाही, तिथे तो आहे.

तिन्ही शेजारी ठेवून पाहिले (मी छापील पुस्तकातच पाहिलेत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं) की लक्षात येतं, तीच पहाट तीनदा काढलेली आहे, पण तिन्हींत उजेडाची चाल वेगळी आहे. हे डाऊंच्या तासाला शिकलेल्या माणसाचं काम आहे. चौकोन तोच. वाटणी बदलून पाहायची.

आणि कागद कसला? साधा न्यूजप्रिंट! वर्तमानपत्राला वापरतात तसल्या जातीचा. जलरंगवाले सांगतील की हा कागद या कामाला अगदी नालायक. पाणी लागलं की फुगतो, सुकला की सुरकुततो, आणि त्यातल्या लाकडाच्या लगद्यामुळे वर्षागणिक पिवळा आणि ठिसूळ होत जातो. पण तो स्वस्त आणि हाताशी होता. दिवसभर तास घेऊन घरी आलेल्या मास्तरणीला तैलरंगाचा पसारा मांडून तो वाळायची वाट बघायला वेळ कुठून असणार? जलरंग पंधरा-वीस मिनिटांत हो किंवा नाही सांगून मोकळे होतात. स्वस्त कागदावर हात कचरत नाही, बिघडला तर दुसरा घ्यायचा. तीन-तीनदा तेच काढून बघण्याची चैन महागड्या कागदावर कुणाला परवडते?

एप्रिल १९१७ मध्ये '२९१' मध्ये तिचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन भरलं. ते उघडल्यावर तीनच दिवसांत अमेरिका महायुद्धात उतरली. नोकरीमुळे तिला प्रदर्शनाला जाता आलं नाही. ती पोचली तेव्हा चित्रं उतरवली होती, मग स्टिग्लिट्झनी ती तिच्यासाठी पुन्हा भिंतीवर लावली. १९१८ च्या सुरुवातीला आजारपणामुळे तिनं रजा घेतली आणि जूनमध्ये न्यूयॉर्क गाठलं. शिकवणं सुटलं, आणि हळूहळू जलरंगही सुटले. पुढची मोठी, प्रसिद्ध चित्रं बहुतेक तैलरंगातली. म्हणजे हे जलरंग म्हणजे तिच्या मास्तरकीच्या वर्षांचं पीक.

इथवर गोष्ट गोड आहे. खरी गोष्ट पुढे आहे.

६ मार्च १९८६ ला, अठ्ठ्याण्णव वर्षांची होऊन ओ'कीफ वारली. त्यानंतर टेक्सासमधून एक गठ्ठा बाहेर आला. अठ्ठावीस जलरंग. छोटे, बहुतेक अमूर्त, कॅन्यनच्या काळातले म्हणून सांगितले गेलेले. तिथल्या तिच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे ते होते, त्याला तिच्याकडूनच मिळाले होते, अशी हकीकत. या संचाला 'कॅन्यन स्वीट' असं नाव पडलं. १९९३ मध्ये कॅन्सस सिटीच्या केम्पर संग्रहालयासाठी ते पन्नास लाख डॉलरला घेतले गेले. प्रदर्शनं झाली, पुस्तकं छापली गेली, लोक त्यांच्यापुढे उभे राहून भारावून गेले.

त्याच सुमारास वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी आणि ओ'कीफ फाउंडेशन मिळून तिच्या सगळ्या चित्रांची समग्र सूची तयार करत होते. बार्बरा ब्युलर लाइन्स या अभ्यासिकेची ही सूची १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन हजारांवर चित्रं तिच्यात आहेत. ती अठ्ठावीस नाहीत.

कारण काय? कागद! नॅशनल गॅलरीतल्या जाणकारांनी तिचे अस्सल जलरंग कोणकोणत्या कागदांवर आहेत हे तपासलं होतं. या गठ्ठ्यातले कागद त्यांच्याशी जुळेनात. काही कागद तर असे होते की ती टेक्सास सोडून गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी ते बाजारात आले. झालं. विकणाऱ्याला पैसे परत करावे लागले. कुणी फसवायच्या हेतूनं ती चित्रं काढली असं काही सिद्ध झालेलं नाही. पण रातोरात त्या अठ्ठावीस चित्रांचं नाव गेलं, किंमत गेली, भिंत गेली. रंगाचा एक ठिपकाही बदलला नव्हता.

हे वाचून मला आधी आसुरी आनंद झाला, हे कबूल करतो. बघा, एवढे मोठे तज्ज्ञ, एवढे पैसे, आणि कुणाला ओळखता आलं नाही! म्हणजे आमच्या चिंगीचं म्हणणं बरोबरच. अमूर्तात अस्सल-नक्कल काही नसतंच, नावाची किंमत असते.

पण एक-दोन दिवसांत हा आनंद ओसरला. कारण चिंगीचा मुद्दा या गोष्टीत सिद्ध होत नाही, उलटाच होतो. लोक फसले ते चित्र बघून नाही, गोष्ट ऐकून. लाडका विद्यार्थी, जपून ठेवलेली पुडी, मोठ्या चित्रकर्तीची तरुणपणीची चित्रं. ही गोष्ट इतकी गोड होती की कागद उलटून बघायची फार जणांना गरज वाटली नाही. तारखांचंही तसंच. पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात कँडिन्स्कीचा एक प्रसिद्ध जलरंग आहे. त्यावर १९१० असं लिहिलेलं आहे, आणि कित्येक वर्षं त्याला 'पहिलं अमूर्त जलरंगचित्र' म्हणून मान मिळाला. आता अनेक अभ्यासक म्हणतात की ते १९१३ च्या आसपासचं, त्याच्या एका मोठ्या चित्रासाठीचं कच्चं रेखाटन असावं. म्हणजे चित्रावर लिहिलेली तारीखसुद्धा डोळे मिटून मानायची नाही. पहिला कोण, या शर्यतीचं आपल्याला वेड असतं. माळावरच्या त्या तीन कागदांना शर्यतच माहीत नाही.

आणि दुसरं. ते अठ्ठावीस कागद कुणीतरी काढले होतेच ना? कुणी का असेना, त्या माणसानंही पाणी घेतलं, ब्रश बुडवला, कुठे थांबायचं ते ठरवलं. ओ'कीफचं नाव चिकटलं म्हणून ते बघितले गेले आणि नाव निघालं म्हणून बघायचे थांबले. दोन्ही वेळा त्या माणसाकडे कुणी पाहिलं नाही. मला सरांच्या कॉटखालचा गठ्ठा आठवला आणि कसंतरी झालं. मी तरी दुसरं काय केलं होतं? नाव नव्हतं, म्हणून रद्दीत जाऊ दिला.

त्या दिवशी मी भिंतीवरचा कागद उतरवला आणि बऱ्याच वर्षांनी उलटून पाहिला. प्रश्नपत्रिकेच्या डोक्यावर फिकट झालेल्या शाईत लिहिलं होतं, सहामाही परीक्षा, १९८४-८५. सरांनी घातली नसली तरी तारीख होती तर! निदान इतकं नक्की की चित्र त्याच्या आधीचं नाही. तेव्हा मी आठवीतच होतो. म्हणजे हा पेपर मी सोडवलाय. उरलेल्या प्रती शिक्षकांच्या खोलीत पडून असणार, त्यातल्या सरांनी घरी नेल्या असणार. चांगला कार्ट्रिज पेपर ते आम्हाला परीक्षेला वापरायला सांगत, आणि स्वतः...

मग पालथा कागद सुलटा केला आणि पहिल्यांदाच नीट, घाई न करता पाहिला. सायक्लोस्टाइलचा कागद शाई पिण्यासाठीच बनवलेला, त्यावर रंग टाकला की पसरणारच. पण त्या मधल्या कोऱ्या पट्टीत रंग एका जागीही उतरलेला नाही. वरून निळा ओघळत आलाय आणि तिच्या काठाशी थांबलाय. खालून गेरू आलाय आणि थांबलाय. असल्या कागदावर हे आपोआप होत नाही. हात थांबवावा लागतो, वाळू द्यावं लागतं, परत यावं लागतं. याच्या आधीचे दोन-चार कागद बिघडले असतील, नंतरचे आणखी नीट जमले असतील. ओ'कीफच्या तीन कागदांसारखे तेही शेजारी ठेवून बघता आले असते. पण ते त्या गठ्ठ्यात होते.

ही चित्रं थोर होती असं मी म्हणत नाही. ते मला ठरवता येणार नाही, आणि आता कुणालाच येणार नाही. जे मी हरवू दिलं ते हेच.

जलरंगांना आणि असल्या कागदांना उजेड सोसत नाही, म्हणून संग्रहालयं अशी चित्रं थोडे महिने लावतात आणि पुष्कळ काळ अंधारात ठेवतात, असंही या वाचनात कळलं. माझा कागद इतकी वर्षं खिडकीसमोर उन्हात होता! गेल्या आठवड्यात फ्रेमवाल्याकडे नेला. तो म्हणाला, "साहेब, फार नाजूक झालाय. जाड पुठ्ठ्यावर चिकटवून देतो, एकदम सरळ होईल. मागचं छापील पण दिसणार नाही." मी म्हटलं, चिकटवायचं नाही. नुसता माउंटमध्ये अडकवा, आणि मागेही काच लावा.

"मागे काय बघायचंय?" त्यानं विचारलं.

प्रश्नपत्रिका, मी म्हटलं. तो हसला, पण दोन्ही बाजूंना काच लावून दिली. आता तो खिडकीपासून लांब, कपाटाच्या आतल्या बाजूला टांगला आहे. बघायचा असला की दार उघडायचं.